ऑटिझम असलेल्या मुलाला घेऊन सुट्टीला जाताना: निपाणीच्या एका आईला उत्तर

निपाणीहून एका आईनं विचारलंय. मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे, मोजके शब्द बोलतो. थोरली मुलगी अकरा वर्षांची. उन्हाळी सुट्टीत सासरच्या बारा माणसांनी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवलाय. कोल्हापूरची अंबाबाई, जोतिबा, गणपतीपुळे, मालवण-तारकर्ली, गोवा आणि चोर्ला घाटातून परत, असा पाच दिवसांचा बेत आहे. गेल्या वर्षी एका लग्नातून मुलाला घेऊन अर्ध्यातच परतावं लागलं, तेव्हापासून घरात सगळ्यांनी धसका घेतलाय. सासूबाई म्हणतात, त्याला माहेरी ठेव. मुलगी म्हणते, आपण कधी कुठं जातच नाही. 'मॅडम, न्यावं की ठेवावं?'

ताई, न्या. पण या बेतात नेऊ नका. पाच दिवसांत इतके मुक्काम, दोन-दोन घाट आणि बारा माणसांचा गलका हे एकदम झेपणं तुमच्या मुलाला फार अवघड आहे. त्यात त्याचा हट्टीपणा नाही आणि तुमचे लाडही नाहीत. ऑटिझम असलेल्या मुलांना आवाज, वास, स्पर्श, उजेड आपल्यासारखे जाणवत नाहीत, काही फार तीव्र जाणवतात तर काही जाणवतच नाहीत. आपल्या कानाला लागतही नाही अशी पंख्याची घरघर एखाद्याला रात्रभर झोपू देत नाही. त्यात पुढं काय होणार हे कळेनासं झालं की धास्ती वाढत जाते. घरी ती आटोक्यात राहते, कारण घरी सगळं ठरलेलं असतं. तीच ताटली, तोच कोपरा, अंघोळीची तीच वेळ. सहलीत हे सगळं एकाच दिवशी हातातून जातं. म्हणून माझ्याकडं येणाऱ्या पालकांना मी ठिकाण शेवटी विचारते. आधी विचारते, मुक्काम किती, गाडी कुणाची, आणि मधेच परत फिरायचं झालं तर कुणाची परवानगी लागेल? या शेवटच्या प्रश्नाला 'कुणाचीच नाही' असं उत्तर येत असेल तर निम्मी तयारी झाली.

बारा माणसांचा बेत बदला असं घरात सांगू नका, उगाच कटकट होईल आणि तिचं खापर पोरावर फुटेल. त्यातला तुमचा वाटा तेवढा बदला. ट्रॅव्हलर त्यांच्या वाटेनं जाऊ दे. तुम्ही चौघं स्वतःच्या गाडीनं, नसेल तर ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी करून, थेट तारकर्ली गाठा आणि तिथंच तीन रात्री राहा. बाकीची मंडळी मालवणला पोचली की दीड-दोन दिवस सगळे एकत्र असालच. पुढं गोव्याला ते जातील, तुम्ही घरी परत या. निपाणीहून आजरा, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ असा रस्ता घेतला तर घाट एकच लागतो. आणि गेलात त्याच रस्त्यानं परत या. आलेल्या वाटेवरच्या खुणा ओळखीच्या झालेल्या असतात, परतताना त्या पुन्हा दिसल्या की मुलाला घर जवळ येतंय हे न सांगता कळतं. एखाद्या चुलत भावंडाशी त्याचं जमत असेल तर त्याला तुमच्या गाडीत घ्या. मात्र 'जागा आहेच तर' म्हणून आणखी तिघांना बसवू नका.

तारीख निवडताना आपल्याला सीमाभागात राहण्याचा एक फायदा आहे, तो घ्यावा. कर्नाटक राज्य मंडळाच्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुट्टी लागते आणि मे संपता संपता शाळा उघडतात. महाराष्ट्रात शाळा उघडायला जूनचा मध्य येतो, एप्रिलमध्ये तिकडं परीक्षांचे दिवस असतात. म्हणजे एप्रिलचा उत्तरार्ध, त्यातही सोमवार ते गुरुवार, या दिवसांत आपली मुलं मोकळी असतात आणि कोकणात मे महिन्यातली झुंबड अजून सुरू झालेली नसते. दसऱ्याचंही तसंच आहे. आपल्याकडं मोठी सुट्टी दसऱ्याला, त्यांच्याकडं दिवाळीला. ऑक्टोबरमधला एखादा साधा मंगळवार-बुधवार दिवाळीनंतरच्या आठवड्यापेक्षा कितीतरी निवांत जातो. मुलगी सीबीएसईच्या शाळेत असेल तर तिच्या तारखा वेगळ्या असतील, तेवढं बघा.

उन्हाळ्यात जाणार असाल तर समुद्रावर सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच. मधला वेळ खोलीत, पंख्याखाली. मुलाला चिडचिड आटोक्यात ठेवायला देतात ते रिस्पेरिडोनसारखं औषध चालू असेल तर उकाड्याकडं जास्त लक्ष द्या. अशा औषधांनी शरीराला उष्णता सोसणं जड जातं, आणि तहान लागली हे सांगणं आपल्या मुलांना मुळातच जमत नाही. विचारत बसू नका, ठराविक वेळानं पाणी देत राहा.

आता देवदर्शनाचं. हा विषय घरात नाजूक असतो हे मला ठाऊक आहे. बऱ्याच घरांत मुलाला वाचा यावी म्हणून नवस बोललेला असतो आणि सहलीच्या मुळाशी तोच असतो. नवसाला मी कधी नाही म्हणत नाही. पण जोतिबावर चैत्र पौर्णिमेच्या आसपास किंवा रविवारी मुलाला नेऊ नका. डोंगरावर गुलाल, हलगी, सासनकाठ्या, आणि गुलाल नाकातोंडात गेला की सगळंच बिघडतं. सौंदत्तीच्या यल्लम्माला पौर्णिमेला भंडाऱ्याचं तेच होतं. त्वचा आणि वास यांबाबत हळवं असलेलं मूल त्या क्षणी गर्दीतून सुटायला जीव तोडून धावतं, आणि तिथं पोर हरवायला वेळ लागत नाही. अंबाबाईला मुखदर्शनाची रांग वेगळी असते, तिथून पाच मिनिटांत हात जोडून बाहेर पडता येतं. आणि तेही जमलं नाही तर बाहेर थांबून कळसाचं दर्शन घ्या. आपल्या आज्या-पणज्या वारीत पोचता आलं नाही तर कळसालाच हात जोडून माघारी फिरायच्या, आणि त्यांची वारी अपुरी राहिली असं कुणी म्हटलं नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा तुमच्या यजमानांनी सांगितलं तर जास्त पटेल.

तयारीला महिनाभर तरी हवा. त्यातला सर्वांत अवघड भाग झोपेचा आहे, म्हणून सुरुवात तिथून करा. समुद्र नवा असला तरी मूल तो बघत उभं राहतं. नवी गादी, नव्या उशीचा वास, भिंतीवर वेगळी सावली, हे रात्री अकरा वाजता अंगावर येतं. तेव्हा निघायच्या आधी एक रात्र संकेश्वर, चिकोडी किंवा कागल असं जवळ कुणाकडं तरी झोपायला जा. माणसं शांत असावीत आणि रात्री बारा वाजता परत यावं लागलं तरी वाईट वाटून न घेणारी असावीत. घरची वाकळ न विसरता न्या. बाजारातल्या हलक्या ब्लँकेटपेक्षा जुन्या लुगड्यांची चार पदरी वाकळ या मुलांना जास्त आवडते, कारण तिचं वजन अंगावर सगळीकडून सारखं बसतं आणि तिला घरचा वास असतो. तोंडावर मात्र ओढू देऊ नका आणि उकाड्यात नुसती पायांवर टाका. घरचा साबण, त्याच्या सवयीचा मग आणि झोपताना लागणारा छोटा दिवाही बरोबर न्या. हॉटेलातल्या फ्लशच्या आवाजानं संडासला जाणं बंद करणारी मुलं मी बरीच बघितलीत. त्यावर उपाय साधा आहे. मूल बाहेर आलं, दार लागलं, की मग फ्लश करायचा, आणि हे पहिल्या दिवसापासून करायचं.

त्यानंतर फोटोंची वही. तारकर्लीत जिथं उतरणार त्या घराच्या मालकाकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवा: फाटक, खोलीचं दार, पलंग, न्हाणीघर, जेवायची जागा. आपली गाडी आणि आंबोलीचा घाट यांचेही घ्या. पानाला एकच फोटो, खाली एक ओळ. 'आपण गाडीत बसणार.' 'इथं झोपणार.' 'समुद्र बघणार.' आणि शेवटचं पान आपल्या घराच्या दाराचं: 'घरी परत येणार.' हे पान नसेल तर बाकीची वही कुचकामी ठरते. आपण घर सोडून कायमचे चाललो की काय, हे न बोलणाऱ्या मुलाला विचारता येत नाही, आणि ते मनात घेऊनच ते गाडीत रडत असतं. वही रोज एकाच वेळी, संध्याकाळी चहाच्या वेळेला, दोनदा दाखवा. कालनिर्णयवर निघायच्या दिवसाला समुद्राचं आणि परतीच्या दिवसाला घराचं चित्र चिकटवा, आणि रोज रात्री एकेक चौकट त्याच्या हातानं खोडा. काही मुलांना दिवस आधीपासून कळले की त्यांची झोप उडते. तुमचा तसा असेल तर महिनाभर वही नुसती बघू दे, कॅलेंडर शेवटच्या चार दिवसांत काढा. हे तुम्हीच ओळखाल.

आवाजासाठी महागडे हेडफोन ऑनलाइन मागवायची गरज नाही. बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीतली माणसं कानाला लावतात ते मोठ्या वाट्यांचे कानसंरक्षक कामगार-सुरक्षेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. डोक्याची पट्टी मुलाला बसते का ते बघून घ्या. घरी मिक्सर लावताना दोन-दोन मिनिटं घालून सवय करा. गर्दीत पहिल्यांदाच घातले तर तो भिरकावून देणार. आणि दिवसभर घालूनही ठेवू नका, कान आणखी हळवे होतात.

निघायच्या दिवशी पहाटे निघा, म्हणजे आंबोली ऊन चढायच्या आत ओलांडाल. आजऱ्याला थांबून पोटात थोडं काही जाऊ दे, पण घाटाच्या आधी भरपेट नको. घाटात मोबाइल हातात दिला की मूल शांत बसतं हे खरं, पण वळणांत स्क्रीन बघितली की मळमळतं, आणि मळमळ सांगता न आल्यानं ते मारायला किंवा चावायला लागतं. घाट उतरेपर्यंत मोबाइल बाजूला, खिडकीबाहेर लांबचं बघू दे. उलटीचं किंवा झोपेचं औषध पहिल्यांदाच प्रवासात देऊ नका. गुंगी यावी म्हणून दिलेल्या काही सर्दीच्या-मळमळीच्या औषधांनी उलट ही मुलं जास्त बेचैन होतात. डॉक्टरांना विचारून घरी एकदा देऊन बघा. फिट्स येत असतील तर त्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत ठेवू नका, तुमच्या पर्समध्ये ठेवा, आणि झोपेचं खोबरं होऊ देऊ नका. जागरणानं फिट येण्याचा धोका वाढतो.

रस्त्यात त्याच्या आवडीचं काय आहे ते शोधा. खानापूरकडचा एक मुलगा आकड्यांवर जीव टाकतो. त्याचे वडील प्रवासात त्याला वही-पेन्सिल देतात आणि तो पुढच्या गाडीची नंबरप्लेट लिहीत बसतो. केए २२ बेळगाव, केए २३ चिकोडी, केए ४९ गोकाक. हद्द ओलांडली की एमएच ०९ कोल्हापूर, घाट उतरलं की एमएच ०७ सिंधुदुर्ग. कुठं पोचलो हे त्याला वडिलांच्या आधी कळतं, आणि ज्या मुलाला गाडीत अर्धा तास बसवणं कठीण होतं तो आता पुढची गाडी कधी येते म्हणून वाट बघतो. तुमच्या मुलाला रेल्वे आवडत असेल तर या सहलीच्या आधी एखाद्या रविवारी बेळगाव ते लोंढा असा साधारण तासाभराचा रेल्वेप्रवास करून या. लोंढ्याला फलाटावर बसून शेंगा खात गाड्या बघायच्या आणि परत यायचं. काही मुलांची खरी सुट्टी तीच असते. घरातल्यांना त्यात काय बघायचं असं वाटलं तरी वाटू दे.

मुक्कामाची जागा ठरवताना घरमालकाशी फोनवर स्वतः बोला आणि मुलाला ऑटिझम आहे हे सरळ सांगा. जो हे ऐकून 'या हो, काही नाही' म्हणून फोन ठेवतो त्याच्यापेक्षा जो दोन प्रश्न विचारतो त्याच्याकडं उतरा. तुम्ही विचारायचं ते असं: विहिरीला कठडा आणि वर जाळी आहे का? खोलीच्या दाराला आतून वरच्या बाजूला कडी आहे का? कुत्रा मोकळा असतो का? लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? जवळ लग्नाचा हॉल आहे का? उन्हाळ्यात लग्नाचा हंगाम असतो, शेजारी डीजे लागला तर रात्र गेली.

पाण्याबद्दल मी जरा कठोर बोलते, राग मानू नका. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि धोक्याची जाणीव मात्र नसते. जगभर या मुलांच्या अपघाती मृत्यूंमध्ये बुडणं हे मोठं कारण आहे. त्यामुळं 'सगळे आहेत की बघायला' हे वाक्य समुद्रावर चालत नाही. सगळे असतात तेव्हा कुणीच बघत नसतं. पाळी लावा. अर्धा तास तुम्ही, अर्धा तास त्याचे बाबा, आणि ज्याची पाळी त्याच्या हातात फोन नको. पाळी बदलताना तोंडानं म्हणा, 'आता तू बघ.' सदरा भडक केशरी किंवा पिवळा घाला, निळा-पांढरा पाण्यात दिसत नाही. रोज सकाळी त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा एक फोटो काढून ठेवा. रात्री दाराच्या कडीला घुंगरू बांधा, दार हललं की जाग येते. त्याच्या खिशाला आतून एक कापडी पट्टी शिवा, मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत: 'मला बोलता येत नाही. आईला फोन करा', आणि दोन नंबर. आपल्या भागात पोर कुणाच्या हाती लागेल आणि त्याला कुठली लिपी येत असेल हे सांगता येत नाही. दिसेनासा झाला तर आधी विहीर आणि पाण्याकडं धावा, बाकीच्या जागा नंतर, आणि कुणीतरी लगेच ११२ ला फोन करायचा.

वाळूची सक्ती करू नका. ओल्या वाळूला पाय लावताच किंचाळणारी मुलं असतात. मोजे किंवा बूट घालून कोरड्या वाळूत खुर्ची टाकून बसू दे. पहिल्या दिवशी तो फक्त लांबून लाटा बघेल. तेवढं झालं तरी त्या दिवसाचं काम झालं. फोटोसाठी उचलून पाण्यात नेऊन उभं करणारे काका-मामा असतात, त्यांना आधीच हात जोडून सांगून ठेवा.

खाण्याचं थोडक्यात. नवं खायला शिकवायची ही जागा नव्हे. घरी जे चार पदार्थ खातो तेच तिथं. छोटा कुकर, त्याच्या सवयीचे तांदूळ, तूप, तोच बिस्किटाचा पुडा बरोबर असू दे. कोकणातल्या घरगुती मुक्कामांत मऊ भात करून द्या म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही, पण तांदूळ वेगळा असला की मुलगा घास थुंकतो.

एवढं करूनही एखाद्या वेळी त्याचा बांध फुटेल. तो रडेल, जमिनीवर लोळेल, स्वतःला मारून घेईल. त्या वेळी एकाच माणसानं त्याच्याजवळ राहायचं. प्रश्न विचारायचे नाहीत, समजावायचं नाही, 'बघ, सगळे हसतायत' तर अजिबात म्हणायचं नाही. सावलीत न्यायचं, डोकं आपटू नये म्हणून मधे हात किंवा वाकळ घालायची, आणि थांबायचं. दुसऱ्या माणसाचं काम बघ्यांकडं बघायचं. 'त्याला ऑटिझम आहे, जरा जागा द्या' एवढंच. इकडं कन्नड माणसं असतील तर 'स्वल्प जाग कोडी' म्हटलं की लोक लगेच बाजूला होतात. यापेक्षा जास्त खुलासा कुणालाही देणं लागत नाही, नणंदेलाही नाही. अर्ध्या तासानं तो शांत झाला तरी त्या दिवशीचा पुढचा बेत रद्द समजा.

मुलीचं विसरू नका. तीन दिवसांतला अर्धा दिवस पूर्ण तिचा. तुम्ही आणि ती, मालवणच्या बाजारात नाहीतर बोटीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर. मुलगा बाबांजवळ. तिला त्या दिवशी भावाकडं लक्ष ठेव असं एकदाही सांगायचं नाही.

आणि सासूबाई म्हणतात तसं माहेरी ठेवणं हे पाप आहे असंही मी म्हणणार नाही. आजीकडं तो आधी राहिला असेल, तिथं त्याला झोप लागत असेल, तर तुम्ही तिघं वर्षात दोन दिवस जाऊन या, खुशाल जा. फक्त गेल्या वर्षी तो लग्नातून रडत आला म्हणून या खेपेला ठेवायचं, असं कारण नको.

कागदपत्रांत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, तेव्हा रांगेतून आधी सोडा अशी विनंती करायला संकोच नको. रेल्वेत एकट्यानं प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला आणि सोबतच्या एकाला भाड्यात सवलत असते. मुलाच्या प्रमाणपत्रावर तशी नोंद असेल तर रेल्वेच्या नमुन्यातला दाखला करून घ्या.

परत आल्यावर दोन दिवस पाहुणे नकोत, बाजार नको, शिकवणी नको. काही मुलं आल्यावर आठवडाभर मागं गेल्यासारखी वाटतात. अंथरूण ओलं करतात, येत असलेले शब्द बोलत नाहीत, रात्री उठून बसतात. घाबरू नका, जुना दिनक्रम परत लागला की बहुतेकांचं पूर्ववत होतं. पंधरा दिवस झाले तरी तसंच राहिलं तर मला कळवा. फोटोंच्या वहीत तिथले खरे फोटो लावून ती त्याच्या हाताला येईल अशी ठेवा, पुढच्या खेपेला तीच कामाला येते. घरमालकाशी काय बोलणं झालं आणि संकेश्वर-चिकोडीकडची ती एक रात्र कशी गेली हे मला लिहा, मग तारकर्लीला तीन रात्री ठेवायच्या की दोन, ते ठरवू.